बहात्तर साली कुठं होते एवढे कारखाने?

भाकरी थापत असाल तर थापत राहा, हात थांबवू नका. फक्त रेडिओचा आवाज जरा मोठा करा. मी तुमच्या बचत गटांची समन्वयक बोलतेय. एरवी मी हप्ता, व्याज, बँक, वही यांवरच बोलते. आजचा विषय वेगळा वाटेल, पण तोही शेवटी आपल्या वहीपाशीच येऊन थांबणार आहे.

गोष्ट मागच्या मे महिन्यातली. एका गटाची बैठक देवळाच्या मंडपात भरली होती. त्याच आठवड्यात मी एक प्रशिक्षण करून आले होते आणि तिथं ऐकलेलं मोठ्या जोशात सांगायला लागले. हवामान बदललंय, पाऊस लहरी झालाय, ऊन सोसेना झालंय, आणि हे सगळं माणसानं केलंय. आपण झाडं तोडली, आपण धूर केला, आता आपणच भोगतोय. बायका मान हलवत होत्या. खांबाला टेकून आमच्या सगळ्यांत जुन्या सभासद बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या आहेत, त्यांना सगळं गाव मावशी म्हणतं. त्या म्हणाल्या, "ताई, एक विचारू का? बहात्तर साली कुठं होते एवढे कारखाने? कुठं होत्या एवढ्या मोटारी? गावात मोजून दोन सायकली होत्या. तरी असला दुष्काळ पडला की अंगाची हळद निघायच्या आत मी खडी फोडायला गेले. सुकडी खाऊन दिवस काढले. मिलोच्या भाकरी घशाखाली उतरत नव्हत्या. तो दुष्काळ कुणी केला मग?"

बायका हसल्या. मीही हसले, पण मला उत्तर आलं नाही. "मावशी, तेव्हाचं वेगळं होतं" असं म्हणून मी वेळ मारून नेली.

त्याच बैठकीत कर्जाचे अर्ज होते. एका वहिनीनं बोअरसाठी ऐंशी हजार मागितले होते. मी म्हटलं, "वहिनी, शेजारच्या तीन बोअर कोरड्या गेल्यात, जरा थांबा." तर ती म्हणाली, "मालक म्हणतात, हे निसर्गाचं चक्र आहे. दोन-तीन वर्षं कोरडी गेली, आता ओली येणार, पाणी वर येणार. आणि ताई, मावशीच्या प्रश्नाला तुम्हाला उत्तर देता आलं नाही. मग पुढच्या पाऊसपाण्याचं तुम्ही कशाच्या जोरावर सांगता?"

यावर मी काय बोलणार? गटात दोन तट पडले आणि निर्णय महिनाभर पुढं ढकलला. मी कबूल केलं की मला नीट माहिती नाही, वाचून येते.

बघा, प्रश्न किती सरळ आहे आणि किती पैशाचा आहे. हे नुसतं चक्र असेल, तर कर्ज काढावं, कळ काढावी, चांगले दिवस फिरून येतील. आणि चक्राखेरीज दुसरंही काही चाललेलं असेल, तर वाट बघत बसण्यात घर बुडेल. म्हणून महिनाभर मी वाचनालयात जाऊन वाचलं, कृषी सहायकांना विचारलं, कृषी विज्ञान केंद्रात जाऊन बसले. मी बी.ए. झालेली बाई, शास्त्र दहावीला सुटलं ते सुटलंच. त्यामुळे मला जसं समजलं तसंच सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे मावशी बरोबर होत्या. दुष्काळ आपल्या मुलखाला नवा नाही. चौदाव्या शतकाच्या शेवटी दुर्गादेवीचा दुष्काळ पडला, तो बारा वर्षं चालला असं सांगतात. १६३० साली असा पडला की गावंच्या गावं ओस पडली. तुकोबारायांची पहिली बायको आणि मुलगा त्याच काळात गेले. पुढं १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ, मग १८९९ चा, आणि आपल्या आयांनी सोसलेला १९७२ चा. यातल्या पहिल्या दोन दुष्काळांच्या वेळी मोटारी नव्हत्या आणि कारखान्यांची धुराडीही नव्हती.

मग ते का पडले? याचं एक मोठं कारण आपल्यापासून हजारो कोस लांब आहे. प्रशांत महासागराचं मधलं आणि पूर्वेकडचं पाणी काही वर्षांनी नेहमीपेक्षा जास्त तापतं. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या कोळ्यांना हे जुनं माहीत होतं. नाताळाच्या सुमारास पाणी गरम व्हायचं, म्हणून त्यांनी त्याला एल निनो म्हणजे बाळ, बाळ येशू, असं नाव दिलं. हे बाळ दोन ते सात वर्षांनी येतं. ते आलं की आपल्याकडं येणारे मोसमी वारे बऱ्याचदा दुबळे होतात. १८७७ ला एल निनो होता, १९७२ लाही होता. मात्र दर वेळी दुष्काळ पडतोच असं नाही. १९९७ ला मोठा एल निनो होता आणि देशात पाऊस ठीक झाला.

एक नवल सांगते. हे कोडं सोडवायला लोक लागले ते आपल्याच दुष्काळांमुळे. १८७७ आणि १८९९ चे दुष्काळ बघून सरकारला वाटलं की पावसाचा अंदाज आधी कळायला हवा. गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती १९०४ साली आपल्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरातल्या हवेच्या दाबाच्या नोंदी जुळवल्या आणि दाखवलं की एका महासागरावरची हवा आणि दुसऱ्या महासागरावरची हवा तराजूच्या दोन पारड्यांसारख्या वरखाली होतात. म्हणजे चक्र खरं आहे. ज्यांनी चक्र आहे म्हटलं ते अडाणी नव्हते. मीच मंडपात अर्धं बोलले होते.

याहून मोठी चक्रंही आहेत. आपण पेरणी कशावर धरतो? मृगावर. मृग साधारण ७ किंवा ८ जूनला लागतो. पण पृथ्वी भोवऱ्यासारखी हळूहळू डुलते. भोवरा फिरताफिरता मान डोलावतो ना, तशी. एक डुलकी पुरी व्हायला सुमारे २६ हजार वर्षं लागतात. त्या डुलण्यामुळे नक्षत्रं ऋतूंच्या मानानं सरकतात, साधारण ७२ वर्षांत एक दिवस. शिवाजी महाराजांच्या काळातला मृग आणि आजचा मृग यांत ऋतूच्या हिशेबानं पाच दिवसांचा फरक पडलाय. हे डुलणं, पृथ्वीचं कलणं आणि सूर्याभोवतीच्या तिच्या वाटेचा आकार बदलणं, या सगळ्यांमुळे जगात हिमयुगं आली आणि गेली. शेवटचं हिमयुग संपून सुमारे अकरा-बारा हजार वर्षं झाली. तेव्हाही माणसाचा काही हात नव्हता.

आता इथं जरा थांबा. ही चक्रं केवढी संथ आहेत ते बघा. ७२ वर्षांत एक दिवस. एका बाईच्या अख्ख्या आयुष्यात मृग एक दिवस हलतो. आणि मावशींच्याच तोंडून मी ऐकलंय की त्यांच्या तरुणपणी मे महिन्यात रात्री अंगणात झोपलं की पहाटे वाकळ ओढून घ्यावी लागायची, आता रात्रभर पदरानं वारा घ्यावा लागतो. हजारो वर्षांच्या चक्राची चाल एका आयुष्यात एवढी दिसत नसते.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एखाद्या वर्षी पाऊस न पडणं ही एक गोष्ट, आणि वर्षानुवर्षं उष्णता चढत जाणं ही दुसरी. विहिरीचंच घ्या. पावसाळ्यात पाणी वर येतं, उन्हाळ्यात तळाला जातं. हे चक्र झालं, त्याला कुणी घाबरत नाही. पण समजा, दर उन्हाळ्यात पाणी मागच्या उन्हाळ्यापेक्षा हातभर खाली जातंय, आणि वीस वर्षांत खूप खाली गेलंय. तर तुम्ही नुसतं चक्र म्हणून गप्प बसाल का? पाणी वरखाली होतंय हेही खरं, आणि दर फेरीला तळ खाली चाललाय हेही खरं.

जगाच्या तापमानाचं तसंच झालंय, फक्त उलट्या दिशेनं. काही वर्षं थंड जातात, काही गरम, पण दर दशक आधीच्यापेक्षा गरम निघतंय. १८५० ते १९०० या काळाशी तुलना केली तर २०११ ते २०२० चं दशक सुमारे १.१ अंशांनी जास्त गरम होतं. मोजायला लागल्यापासून सगळ्यांत गरम वर्ष २०२४. आपल्या देशाचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. एक अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण पोराच्या अंगाचा ताप साडेअठ्ठ्याण्णववरून शंभरावर गेला की आपण रात्रभर जागतो. तोही अंशाभराचाच फरक असतो.

बरं, ही उष्णता सूर्यानंच वाढवली नसेल कशावरून? हा प्रश्न आमच्या गटातल्या एकीच्या सासऱ्यांनी, आबांनी, विचारला. चांगला प्रश्न आहे. आपल्या गटाच्या पेटीत पैसे कमी भरले तर आपण काय करतो? कुणाचं तोंड बघून चोर ठरवत नाही. नोंदी तपासतो. शास्त्रज्ञांनीही तेच केलं.

सूर्याचं तेज दर अकरा वर्षांच्या चक्रात थोडं कमीजास्त होतं, हजारात एक भाग एवढं. १९७८ पासून उपग्रह ते मोजतायत. एवढ्या वर्षांत सरासरी तेज काही वाढलेलं नाही, आणि पृथ्वी मात्र तापत गेली. दुसरी नोंद बघा. सूर्य जास्त तापवत असता तर दिवस रात्रीपेक्षा जास्त तापले असते, आणि वरपासून खालपर्यंत सगळी हवा गरम झाली असती. प्रत्यक्षात जमिनीवर रात्री दिवसांपेक्षा जास्त वेगानं गरम होत गेल्या. आणि ढगांच्याही खूप वर, वीस-तीस किलोमीटरवरची हवा थंड होत चाललीय.

याचा अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. थंडीत वाकळ पांघरली की आत ऊब राहते आणि वाकळीच्या बाहेर गारच असतं. शेकोटी मोठी केली तर आतबाहेर सगळंच तापतं. इथं खाली ऊब आणि वर गारवा, म्हणजे शेकोटी वाढलेली नाही, वाकळ जाड झालीय.

ही वाकळ कसली, ते पहिल्यांदा दाखवणाऱ्यांत एक बाई होती, हे मला वाचताना कळलं आणि फार बरं वाटलं. अमेरिकेतल्या युनिस फूट. १८५६ साली त्यांनी काचेच्या नळकांड्या घेतल्या, आत तापमापक ठेवले. एकीत साधी हवा भरली, एकीत दमट हवा, एकीत कार्बन डायऑक्साइड, म्हणजे लाकूड-कोळसा जळल्यावर निघतो तो वायू. सगळ्या उन्हात ठेवल्या. त्या वायूची नळकांडी सगळ्यांत जास्त तापली आणि सावलीत आणल्यावर निवायलाही सगळ्यांत जास्त वेळ लागला. हवेत हा वायू जास्त असेल तर पृथ्वी जास्त गरम राहील, हे बाईंनी तेव्हाच लिहून ठेवलं. विद्वानांच्या सभेत त्यांचा निबंध वाचला मात्र एका पुरुषानं. बायकांच्या हक्कांसाठी १८४८ साली अमेरिकेत जो जाहीरनामा निघाला, त्यावरही त्यांची सही आहे. पुढं दीडशे वर्षं त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

आता आकडे. कारखाने यायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. १९५८ साली हवाई बेटावर रोज मोजायला सुरुवात झाली तेव्हा ३१५ होता. आज ४२० च्या वर गेलाय. दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेत. ते तपासले तर गेल्या आठ लाख वर्षांत हा आकडा ३०० च्या वर कधीच गेला नव्हता. हिमयुगं आली, गेली, तरी नाही.

कुणी म्हणेल, दहा लाखांत चारशे म्हणजे चिमूटभर. अहो, पातेलंभर दुधाला विरजण किती लागतं? थोडक्या वस्तूनंही गुण येतो.

हा वायू आपल्याच जाळण्यातून आला कशावरून? ज्वालामुखीतून आला नसेल? ज्वालामुखी हा वायू सोडतात हे खरं, पण माणूस जेवढा सोडतो त्याच्या शंभरात एक भागही नाही. उलट मोठा स्फोट झाला की त्याची धूळ-धूर उन्हाला अडवतो आणि जग थोडे दिवस थंड होतं. फिलिपिन्समध्ये १९९१ साली तसं झालं होतं. आणि कोळसा-पेट्रोलमधला कार्बन ओळखू येतो. तो लाखो-करोडो वर्षं जमिनीत पुरलेला असतो. जिवंत झाडापेड्यांत कार्बनचा जो एक खास प्रकार असतो, तो जुन्या कोळशात पार संपून गेलेला असतो. हवेत तोच जुना, खूण नसलेला कार्बन वाढत गेलाय. देशी ज्वारीत संकरित मिसळली तर दाण्यावरून आपण ओळखतोच ना, तसंच हे.

आणखी एक शंका मी नेहमी ऐकते. हवामान खात्याला उद्याचा पाऊस सांगता येत नाही आणि हे पन्नास वर्षांचं सांगतात. मलाही असंच वाटायचं. पण उद्या दुपारी आपल्या शिवारात सर येईल का, हे सांगणं अवघड. पुढचा मे महिना डिसेंबरपेक्षा गरम असेल, हे मात्र शेंबडं पोरही सांगेल. दोन्ही प्रश्न सारखे नाहीत.

याचा आपल्या पावसाशी काय संबंध? हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. मग ती जास्त वेळ पाणी धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली मांडलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीनं वाढल्या. या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो. म्हणजे वर्षाचा पाऊस आकड्यानं पुरा दिसतो, पण मधे तीन आठवडे आभाळ कोरडं आणि मग एका रात्रीत नाला बांध फोडून जातो. सोयाबीन दोन्ही वेळा जातं. आधी उगवताना, नंतर काढताना.

आता एक गोष्ट उलट बाजूनंही सांगते, नाहीतर मी पुन्हा अर्धंच बोलेन. आपल्याकडं जे बिघडलं ते सगळं हवामान बदलानंच बिघडलं असं नाही. आमच्या गावच्या आडाला मे अखेरपर्यंत पाणी असायचं. आता संक्रांतीला तळ दिसतो. त्याचं खापर आभाळावर फोडायला सोपं आहे. पण आजूबाजूच्या शिवारात किती बोअर झाल्या ते मोजा. आधी दोनशे फूट, मग चारशे, मग सातशे. वर ऊस. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. तेव्हा पाऊस कमी झाला होता हे खरं, पण जमिनीतलं पाणी आपण आधीच उपसून संपवलं होतं हेही खरं. ही चूक आपल्या हातची आहे आणि ती सुधारणंही आपल्याच हातात आहे.

आणि त्या दिवशी मंडपात माझी सगळ्यांत मोठी चूक कुठं झाली, तर मी म्हटलं की "आपण" धूर केला. आपण म्हणजे कोण? अमेरिकेतला एक माणूस सरासरीनं वर्षाला चौदा-पंधरा टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. भारतातला माणूस सुमारे दोन टन. त्यातही ज्या बाईकडं गाडी नाही, फ्रिज नाही, तिचा वाटा किती? चुलीच्या धुरानं तुमचे डोळे आणि छाती खराब होते, म्हणून चूल सुटली तर बरंच. पण जगाचं तापमान तुमच्या चुलीनं वाढवलं, असं कुणी तुमच्या डोक्यावर घालत असेल तर घेऊ नका. मी घातलं होतं. त्याची माफी मी गटात मागितली, आज इथंही मागते.

महिन्यानं मी हे सगळं मावशींना सांगितलं. वाकळ, विहीर, नळकांड्या, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे चक्र पण आहे आणि त्यावर माणसाचंही करणं आहे." मी म्हटलं, "हो मावशी." त्या म्हणाल्या, "मग आधीच असं सांगायचं ना. मला वाटलं, तू आमचा बहात्तरचा दुष्काळच खोटा ठरवतीस."

मैत्रिणींनो, हे मी गाठीला बांधून ठेवलंय. शंका घेणाऱ्याला वेडं ठरवलं की तो ऐकायचं बंद करतो. त्याच्या शंकेत बहुतेक वेळा त्यानं भोगलेलं काहीतरी असतं.

पण तोवर एक नुकसान होऊन गेलं होतं. बोअरवाल्या वहिनीच्या मालकांनी महिनाभर वाट पाहिली नाही. बाहेरून जास्त व्याजानं पैसे उचलले. साडेसहाशे फुटांवर पाणी लागलं, गावात पेढे वाटले. जानेवारीत मोटार हवा ओढायला लागली. आता दर महिन्याला हप्ता मागायला माणूस दारात येतो आणि वहिनी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. गटाची बचत तिनं एकदाही चुकवली नाही. तिला कुणी टोमणा मारलेला मी खपवून घेत नाही. मे महिन्यातच माझ्याकडं नीट उत्तर असतं तर काय झालं असतं, ते सांगता येत नाही. पण हा विचार माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतर आमच्या गटानं चार गोष्टी ठरवल्या. तुमच्या गटाला पटल्या तर घ्या.

पहिली, पाऊस मोजायचा. सपाट तळाचा, सरळ उभ्या कडांचा डबा घ्या. झाडापासून, भिंतीपासून लांब, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून किती मिलिमीटर पाणी साठलं ते बघा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दहा बाय दहा फुटांच्या पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर नव्वद लिटरच्या आसपास पाणी मिळतं. आपल्या देशात हवामानाची मोजणी नीट व्हावी, उपकरणं इथंच बनावीत, म्हणून हवामान खात्यात अण्णा मणी नावाच्या बाईंनी उभं आयुष्य घातलं. आपण डबा तरी ठेवूच शकतो.

दुसरी, मृग लागला म्हणून किंवा पहिली सर आली म्हणून पेरायचं नाही. साधारण शंभर मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्यावरच पेरायचं. कृषी खातंही हेच सांगतं. बियाण्याचं कर्ज गट आता डब्याची वही बघून देतो.

तिसरी, सोयाबीन घरचं असो की विकतचं, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघायची. सत्तरच्या वर उगवले तरच पेरायचं. आणि सगळं रान सोयाबीनखाली घालायचं नाही. सोबत तूर हवी, थोडी ज्वारी हवी, आणि सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर, म्हणजे पाऊस लांबला तर ओल टिकते आणि जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं.

चौथी, नवीन बोअरला गटाचं कर्ज नाही. विहीर पुनर्भरण, शेततळं, शेळ्या, शिलाई, यांना आहे. यावर अजून भांडणं होतात. होऊ देत.

हे केलं म्हणून सगळं साधलं असं नाही. मागच्या हंगामात पहिल्या सरीवर पेरलेल्या सहा जणींना दुबार पेरणी करावी लागली आणि थांबलेल्या नऊ जणींचं बियाणं वाचलं. पण त्या नऊमधल्या दोघींचं सोयाबीन काढणीच्या वेळी पावसात सापडलं आणि शेंगेतच मोड आले. वहीत दोन्ही लिहिलंय. चांगलं तेवढं लिहायचं नाही, हा आमचा नियम आहे.

पुढच्या महिन्यात कुणी तुम्हाला म्हणालं की हे सगळं निसर्गाचं चक्र आहे, तर भांडू नका. आधी त्यांना विचारा, कुठलं चक्र, किती वर्षांचं? अकरा वर्षांचं, सात वर्षांचं की सव्वीस हजार वर्षांचं? आणि मग म्हणा, या, आमची वही बघा. आमच्या डब्याची वही आता मावशी सांभाळतात. त्यांना लिहिता येत नाही, नात लिहिते. पण पट्टी त्या स्वतःच बुडवतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

तुमच्या गावात डबा ठेवलात तर मला आपल्या रेडिओ केंद्रावर कळवा. पावसाळ्यात आपण सगळ्या गावांचे आकडे इथूनच वाचून दाखवू.

येते मग. नमस्कार.